साबणावर किल्ली करून मिळणार नाही

माझ्या थोरल्या जाऊबाई किल्ल्या करतात. नवऱ्यामागे दुकान चालवणाऱ्या बाईचं लोक तोंडभरून कौतुक करतात आणि घासाघीसही तिच्याशीच जास्त करतात. दुकान म्हणजे तरी काय, गोदामांच्या रस्त्यावर दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत कोंबलेली एक खोली. भिंतीवर आकड्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, खाली किल्ली कापायचं मशीन, शेजारी कानशींचा डबा. मशीन सुरू झालं की आवाज थेट दाढेत शिरतो. त्या आवाजानं जाऊबाईंचा उजवा कान गेला, आणि त्यांना एक सवय लागली. समोरचा काय बोलतोय ते कळो न कळो, मान हलवायची. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. घरी मी मात्र वैतागते. "वहिनी, दुधाकडे बघा," म्हटलं की मान हलवतात आणि दूध उतू जातं.

दुकानावर एक पाटी आहे. थोरल्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'साबणावर किल्ली करून मिळणार नाही.' नवी माणसं ती वाचून हसतात. पण दुसऱ्याची किल्ली चोरून साबणाच्या वडीवर दाबली की तिचा ठसा उमटतो, आणि त्या ठशावरून हुशार कारागीर जशीच्या तशी किल्ली करू शकतो. भाऊजी हुशार कारागीर होते. म्हणूनच त्यांनी पाटी लावली होती. कुलूप आणा, नाहीतर मूळ किल्ली आणा, नाहीतर वाट धरा. एवढं सरळ होतं त्यांचं.

गोड्या आला तो रुमालात साबणाची वडी गुंडाळून. त्या वेळी तो गोदामांच्या रस्त्यावर माल सोडवून द्यायची दलाली करायचा. त्याच्या गालात सदा पेपरमिंटची गोळी, आणि बोलणंही तसंच, म्हणून सगळे त्याला गोड्या म्हणायचे. वडीवर ठसा होता जकातीच्या गोदामाच्या किल्लीचा. भाऊजींनी बोटानं पाटी दाखवली. गोड्या हसला, गेला, आणि पुन्हा आला. तेव्हा भाऊजींनी गोदामाच्या अधिकाऱ्याच्या कानावर घातलं. धाड पडली. पिठाच्या पोत्यांत जे सापडलं ते पीठ नव्हतं. पोती भरणारे सापडले, भरवणारा सापडला नाही.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी गोड्या दुकानात आला. जाऊबाई डबा घेऊन आल्या होत्या आणि मशीनमागच्या स्टुलावर बसल्या होत्या. गोड्यानं विचारलं, "जेवलात का?" भाऊजी म्हणाले, "बसतोच आहे." मग त्यानं गोळी झाडली. दोनदा. पिस्तूल खिशात ठेवलं, तोंडातलं पेपरमिंट या गालातून त्या गालात घेतलं आणि चालत गेला, पळत नाही. जाऊबाई हे असंच सांगतात, याच क्रमानं. मी इतक्यांदा ऐकलंय की त्या चुकल्या तर मी सांगेन. पण त्या कधी चुकल्या नाहीत.

त्याच दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या पासपोर्टवर, गोड्या समुद्रापलीकडच्या एका देशात पळाला. आणि तिथं त्याची भरभराट झाली. इथं एका गोदामाची किल्ली मागत फिरणारा माणूस तिथं बसून तीन देशांतल्या बंदरांतून माल फिरवायला लागला. वर्तमानपत्रात फोटो यायचे, कधी गाडीला टेकलेला, कधी कुणाच्या लग्नात. आमचे हे तो कागद घडी घालून लपवायचे. जाऊबाईंना तो कुठे लपवलाय ते माहीत असायचं.

"त्याला आणू," असं पहिल्या पोलीस अधिकाऱ्यानं सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं, त्या देशाशी आपला प्रत्यार्पणाचा करारच नाही. करार झाला तोवर तिसरा आला होता. त्यानं आमचे कागद पाठवले, ते त्यांच्या भाषेत नाहीत म्हणून परत आले. भाषांतर झालं, तर एक सही राहिली होती. गुन्हेगाराला सीमा ओलांडायला एक संध्याकाळ पुरते आणि कायद्याच्या पायात मात्र प्रत्येक उंबऱ्यावर काटा रुततो. माझं डोकं फिरायचं. मी कचेरीत तोंड सोडायचे, आमचे हे मला दाराबाहेर काढायचे. जाऊबाई मात्र प्रत्येक नव्या अधिकाऱ्यापुढे बसून पहिल्यापासून सांगायच्या. डबा, स्टूल, "जेवलात का", दोन गोळ्या, पेपरमिंट.

एकदा मी त्यांना म्हटलं, "वहिनी, कशाला जिवाचं रान करताय? तो काय येत नाही."

"येईल गं," त्या म्हणाल्या. "मला काही जास्त नको. खटला उभा राहू दे. तो पिंजऱ्यात, मी समोर. त्याच्याकडे बोट करून मला एकदा सांगू दे की हा. एवढं झालं की मी मोकळी."

एवढंच हवं होतं त्यांना. मला वाटायचं, किती थोडं मागतेय ही बाई. थोडं मागणाऱ्याला सरकारदरबारी कुणी ओळखत नाही हे तेव्हा मला उमजायला हवं होतं.

मग प्रकरण वकीलबाईंकडे आलं. परदेशातून गुन्हेगार आणायच्या कामात सरकारच्या बाजूनं कागद तयार करणाऱ्या या बाई. हडकुळ्या, सदा गरम पाण्याचा थर्मास जवळ, आणि बोलणं स्वच्छ. आमच्याशी माणसासारखं बोलणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी समजावलं, "त्या देशात फाशी नाही. आणि जिथं फाशी होईल तिथं ते कुणाला पाठवतही नाहीत. आपल्याला लेखी हमी द्यावी लागेल की याला फाशी देणार नाही."

मी उसळलेच. "वा! आमचा माणूस गेला तो गेला, आणि वर याच्या जिवाची हमीही आम्हीच द्यायची?"

जाऊबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "द्या हमी," त्या म्हणाल्या. "बसू दे त्याला आत म्हातारा होईपर्यंत. मला घाई नाही."

हमी गेली. आणि काय सांगू, गोष्टी हलायला लागल्या. त्या देशातल्या पोलिसांनाही गोड्या डोईजड झाला होता. त्यांनी त्याला उचललं, त्याच्या जागा, गाड्या, बँकेतलं सगळं जप्त केलं, आणि पाठवायचं की नाही याची सुनावणी तिथल्या कोर्टात सुरू झाली. जाऊबाईंनी त्या महिन्यात दुकानाला रंग दिला. पाटीवरची अक्षरं मात्र पुसट झाली होती तशीच ठेवली, भाऊजींच्या हातची म्हणून.

नेमकी तेव्हाच निवडणूक आली. मंत्र्यांची सभा आमच्याच रस्त्याच्या टोकाला होती. दोन कार्यकर्ते घरी येऊन जाऊबाईंना घेऊन गेले, "फक्त व्यासपीठावर बसायचं" म्हणून. वकीलबाईंनी बजावलं होतं की फाशी हा शब्द तोंडातून काढू नका. जाऊबाईंनी काढला नाही. माईक पुढे आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला आणा. मला साक्ष द्यायची आहे." टाळ्या बेताच्याच पडल्या. मंत्र्यांना त्या पुरेनात. त्यांनी माईक ओढून घेतला आणि जाऊबाईंच्या उजव्या बाजूला उभं राहून गरजले, "ताईंच्या मनातलं मी बोलतो! आणणार, आणि याच चौकात फासावर लटकवणार! हमीबिमी कागदावर राहील! बरोबर ना, ताई?"

उजवी बाजू. चार कर्णे वाजत होते, लोक बेभान झाले होते. जाऊबाईंनी गिऱ्हाइकापुढे हलवतात तशी मान हलवली.

गोड्याच्या वकिलांनी सभेच्या व्हिडिओतला तेवढा तुकडा तिथल्या कोर्टात पडद्यावर दाखवला. एका बाजूला आमच्या सरकारची सहीशिक्क्याची हमी, दुसऱ्या बाजूला त्याच सरकारचा मंत्री हमी कागदावर राहील म्हणतोय, आणि मधे मुख्य साक्षीदार मान डोलावतेय. आपल्या वकीलबाईंनी खूप धडपड केली. नवी हमी दिली, माफीसारखं काहीतरी लिहून दिलं. तिथल्या न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला: तस्करीसाठी न्या, खोट्या पासपोर्टसाठी न्या, काळ्या पैशासाठी न्या. खुनासाठी देत नाही.

वकीलबाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं. जाऊबाई डावा कान त्यांच्याकडे करून बसल्या होत्या.

"पण येईल ना तो इथं?" त्यांनी विचारलं.

"येईल. पण ज्या गुन्ह्यांसाठी दिलाय तेवढेच खटले चालवता येतात. करारच तसा असतो. दुसरा गुन्हा काढायचा तर त्या देशाची परवानगी लागते."

"मग मागा की."

"मागितली. उत्तर म्हणून त्यांनी तो व्हिडिओच पाठवला."

"म्हणजे तो इथं, मी इथं, कोर्ट इथं..." जाऊबाई थांबल्या. वकीलबाई थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. हा नियम कशासाठी आहे हे मलाही कळतं. एका कारणासाठी माणूस मागून घ्यायचा आणि दुसऱ्याच कारणासाठी चिरडायचा असं सरकारांनी करू नये म्हणून. चांगलाच आहे नियम. फक्त तो आमच्या अंगावर पडला. बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "मी मान का हलवली गं?" मी म्हटलं, "तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं." तर म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर विचारायचं असतं."

गोड्याला विमानातून उतरवताना मंत्री स्वतः हजर होते. प्रत्येक वाहिनीवर तेच. 'दिलेला शब्द पाळला.' मी टीव्हीवर चप्पल फेकली, आमचे हे माझ्यावर ओरडले, टीव्ही शाबूत राहिला.

खटला चालला तेव्हा जाऊबाई दर तारखेला जाऊन शेवटच्या बाकावर बसायच्या. साक्षीदार म्हणून नव्हे, बघे बसतात तशा. एकदाच सरकारी वकिलाच्या तोंडून निघालं, "ज्या किल्लीवाल्यानं या टोळीची खबर दिली आणि ज्याचा नंतर..." लगेच गोड्याचा वकील उभा राहिला. न्यायाधीश म्हणाले, "तो विषय या कोर्टापुढे नाही," आणि वाक्य कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. पुरा माणूस एकदा मारला होता, आता अर्ध्या वाक्यात उरला होता तोही पुसला. शिक्षा झाली. परदेशात कोठडीत काढलेली वर्षं तीतून वजा झाली, चांगल्या वागणुकीची सूट मिळाली. चांगलं तो पहिल्यापासूनच वागायचा, जेवलात का विचारायचा.

तो सुटायच्या बेतात असताना वकीलबाई आपणहून दुकानात आल्या. मशीन बंद होईपर्यंत थांबल्या. म्हणाल्या, "एक वाट आहे अजून. सुटल्यावर त्याला देश सोडून जायला दीड महिन्याची मोकळीक द्यावी लागते. तेवढ्यात गेला तर गेला. पण मोकळीक असूनही तो इथंच राहिला, तर नियमाचं कवच संपतं. दुसऱ्या दिवशी खुनाचा खटला दाखल करता येईल. मी कागद तयार ठेवते."

"राहील तो?" जाऊबाईंनी विचारलं.

"तिकडचं सगळं जप्त झालंय. इथं जुनं घर आहे. वय झालंय. राहीलही."

आणि मग जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? ज्या माणसाला आणा, आणा म्हणून त्यांनी उंबरे झिजवले, तो आता जाऊ नये म्हणून जाऊबाई डोळ्यांत तेल घालून बसल्या. गोड्या सुटून टेकडीमागच्या आपल्या जुन्या घराच्या मागच्या भागात राहायला आला. दूधवाल्याला या विचारायच्या, तिकडे दूध जातं का? जातं म्हटलं की यांचा चेहरा खुलायचा. घराला रंग लावतायत असं कळलं तेव्हा तर जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला. जावयाची कुणी करत नाही एवढी काळजी त्या माणसाची. मी म्हटलंही, "एक गादी पाठवून द्या ना, पाठ दुखली तर निघून जाईल." त्या रागावल्या नाहीत. "गादी आहे त्याच्याकडे," म्हणाल्या.

एक दिवस त्याचा नोकर दुकानात आला. घराचं पुढचं दार कित्येक वर्षं बंद, कुलपं गंजलेली, किल्ल्या जप्तीत कुठे गेल्या कुणास ठाऊक. साहेबांना पुढचं दार वापरायचंय, कुणी येईल का? नोकर नवा होता, त्याला दुकान कुणाचं ते माहीत नसावं असं आम्हाला वाटलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर जाऊबाईंनी हत्यारांची पेटी उचलली होती. "तू चल," मला म्हणाल्या. "मला नीट ऐकू येत नाही."

घर मोठं होतं, आत रंगाचा वास. गोड्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. केस गेलेले, पायात लोकरी मोजे. गालाला फुगवटा तसाच. आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "या. जेवलात का?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, डावा कान तिकडेच होता. त्यांनी मान हलवली, खाली बसल्या आणि कुलूप खोलायला लागल्या. स्क्रू गंजले होते, त्यांनी तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा तेल सोडलं. जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं. किल्ली घालून फिरवली, काढली, कानशीनं एक दात किंचित घासला, पुन्हा फिरवली. न सांगता बिजागऱ्यांना तेल दिलं. न सांगता मागच्या खिडकीची सैल कडी घट्ट केली. तो हातभर अंतरावर बसून बघत होता. इतकी वर्षं ज्याच्यासमोर उभं राहून बोट करायचं होतं तो माणूस समोर होता, आणि जाऊबाई त्याच्या दाराची चौकट पुसत होत्या. निघताना त्यानं खिशातून डबी काढून दोघींपुढे पेपरमिंट धरलं. मी घेतलं नाही. त्यांनी घेतलं.

रस्त्यावर आल्यावर मी जवळजवळ ओरडलेच, "बोलला का नाहीत? होता की समोर! थुंकायचं तरी होतं!"

"इतक्या वर्षांनी त्यानं ओळखलं नसेल मला. बोलले असते तर कळलं असतं मी कोण ते," त्या म्हणाल्या. "उद्याच पळाला असता. राहू दे त्याला. थोडेच दिवस उरलेत. कोर्टात बोलेन." पेपरमिंट त्यांनी गटारात टाकलं आणि हात पदराला न पुसता घरापर्यंत तसाच अंगापासून लांब धरला.

त्यानंतरचे दिवस त्या बऱ्या होत्या. खरंच बऱ्या होत्या, आणि त्याचंच मला आज सगळ्यात वाईट वाटतं. वकीलबाईंनी निरोप पाठवला की कागद तयार आहेत. जाऊबाई रोज सकाळी माझ्यासमोर साक्ष म्हणून दाखवायच्या, भाजी चिरता चिरता. न्यायाधीशांना काय म्हणतात, उभं राहून बोलायचं का, सगळं विचारून घेतलं होतं त्यांनी.

मुदत संपायला दोन दिवस असताना तोच नोकर दुकानात आला. मी डबा घेऊन गेले होते. मशीन चालू होतं, तो काहीतरी म्हणाला, जाऊबाईंनी मान हलवली. मग त्यानं फळीवर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. तो पाहून त्यांनी मशीन बंद केलं आणि डावा कान पुढे करून म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

"साहेब गेले काल. जिवाला धोका होता म्हणून पोलिसांनीच विमानापर्यंत सोडलं. घराच्या किल्ल्या तुमच्याकडे द्यायला सांगितलंय, अधूनमधून दारं उघडा म्हणाले, हवा खेळेल." नोकर आठवत आठवत बोलत होता, पाठ केल्यासारखं. "आणि म्हणाले, वहिनींना सांग, तुमच्या नवऱ्यानं मला किल्ली करून दिली नाही, पण तुम्ही दिलीत. हात मात्र त्याच्यासारखाच आहे."

त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तारखेसकट. मुद्दाम आमच्याच दुकानात माणूस पाठवला होता त्यानं. मला त्या नोकराचा गळा धरावासा वाटला, पण त्याचा तरी काय दोष, सांगितलेलं सांगून तो निघूनही गेला.

जाऊबाईंनी त्या किल्ल्या एकेक करून बोटांनी चाचपल्या. त्यांच्याच हातच्या होत्या, एकेक दात नीट घासलेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फळीपासून स्टुलापर्यंत हात लांबवून दाखवला.

"एवढा होता गं तो," म्हणाल्या. "एवढ्यावर होता. आणि मी गप्प बसले."

बाहेर एक गिऱ्हाईक कुलूप घेऊन उभं होतं. जाऊबाईंनी ते हातात घेतलं आणि विचारलं, "मूळ किल्ली आणलीत का?"